कर किती, कशासाठी आणि कोणाला विचारून?

दापोलीहून निघालेला रस्ता डोंगर उतरत समुद्राच्या दिशेने जातो आणि बुरोंडी येते. पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला परशुरामाचा भव्य पुतळा पाहण्यासाठी पर्यटक येथे थांबतात आणि पुढे लाडघरच्या किनाऱ्याकडे वळतात. गाव मात्र जगते ते आंबा-काजूच्या बागांवर, मासेमारीच्या होड्यांवर, मुंबईच्या चाकरमान्यांनी पाठविलेल्या पैशांवर आणि रस्त्याकडेच्या मोजक्या दुकानांवर.

अशा गावातील एका किराणा दुकानाचे उदाहरण घ्यावे. वार्षिक उलाढाल ८० लाख रुपये धरली आणि दुकानदाराने वस्तू व सेवा कराची कंपोझिशन योजना स्वीकारली असली, तर करपात्र विक्रीवर १ टक्का कर त्याला स्वतःच्या नफ्यातून भरावा लागतो. तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. सर्व विक्री करपात्र असल्यास ही रक्कम ८० हजार रुपये होते. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये निराळे. ग्रामपंचायतीची घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर व पाणीपट्टी आहेच. नफा मर्यादेपलीकडे गेला तर आयकर. माल आणणाऱ्या टेम्पोच्या डिझेलमध्ये केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर दडलेला असतो. दुकानदार दिवसभर स्वतःचा गल्ला सांभाळतो आणि त्याच गल्ल्यातून तीन सरकारांचा वाटाही वेगळा काढीत असतो : दिल्लीचा, मुंबईचा आणि गावाचा.

या करदात्याच्या वतीने बोलणारा कोण? कामगारांना संघटना आहेत, शेतकऱ्यांना आहेत. करदात्यांच्या संघटना थोड्या, आणि ज्या आहेत त्यांच्याकडे समाज काहीशा संशयाने पाहतो. ‘कर कमी करा’ म्हणणारा मनातून कर चुकविणाराच असणार, अशी ही शंका असते. ती दूर झाल्याशिवाय करदात्याचा शब्द सरकारदरबारी वजनदार होत नाही. कोकणापासून मुंबईपर्यंतच्या अनुभवातून या प्रश्नाचे उत्तर शोधता येते.

खोतीची आठवण

रत्नागिरी जिल्ह्याला कराचा प्रश्न नवा नाही. ब्रिटिश अमदानीत येथील बहुसंख्य गावे खोती पद्धतीची होती. खोत सरकारला ठरलेला सारा भरत असे आणि कुळांकडून पिकाचा हिस्सा वसूल करीत असे. त्यातील किती भाग तिजोरीत जातो आणि किती खोताच्या घरी राहतो, हे कुळाला कळण्यास मार्ग नव्हता. १८८० च्या खोती कायद्याने काही नोंदी आणि मर्यादा आणल्या. परंतु मधला वसूलदार कायम राहिला.

शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरी येथे, १९३३ मध्ये कुळांनी संप पुकारला. शेतात नांगर घालायचाच नाही, असा हा संप सुमारे सहा वर्षे चालला. उपासमार सोसूनही लोक मागे हटले नाहीत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत आले. अखेर स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा झाला.

करभाराविरुद्ध कोकणात संघटितपणे उभे राहिलेले हे लोक दुकानदार नव्हते, कसणारी कुळे होती. घेणारा कोण, तो किती घेतो आणि घेतलेले कोठे जाते, हे त्यांचे प्रश्न होते. करदात्यांच्या कोणत्याही चळवळीचा पाया याच तीन प्रश्नांवर उभा असतो, मग करदाता श्रीमंत असो वा गरीब.

शत्रुंजयाची दोन वर्षे

याच काळात जैन समाजाने एका कराविरुद्ध जो मार्ग अवलंबिला, तो आजही अभ्यासण्याजोगा आहे. पालिताणा संस्थान शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवर कर घेत असे. १८८६ मध्ये संस्थान आणि शेठ आणंदजी कल्याणजी पेढी यांच्यात करार होऊन माणशी कराऐवजी दरसाल १५,००० रुपये एकरकमी द्यावेत, असे ४० वर्षांसाठी ठरले. १९२६ मध्ये मुदत संपताच संस्थानाने पुन्हा माणशी कराचा आग्रह धरला. जैन समाजाने त्यावर दंगा केला नाही. यात्राच थांबविली. तीर्थाधिराज म्हणून ज्याची भक्ती केली जाते, त्या पर्वताकडे सुमारे दोन वर्षे यात्रेकरू फिरकले नाहीत. १९२८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने सिमला येथे समझोता झाला आणि ३५ वर्षांसाठी दरसाल ६०,००० रुपये देण्याचे ठरले.

व्यापारी दृष्टीने पाहिले तर हा आकडा पूर्वीच्या चौपट होता. तरीही समाजाने तो स्वीकारला, कारण भांडण केवळ रकमेचे नव्हते. पायथ्याशी भाविकांची डोकी मोजली जाणार नाहीत, रक्कम आधीपासून ठाऊक असेल आणि ती मध्येच कोणाच्या मर्जीने वाढणार नाही, एवढी हमी मिळाली होती. कर कमी असणे चांगले. परंतु कर निश्चित असणे आणि तो सन्मानाने घेतला जाणे हे त्याहूनही मोलाचे असते. ज्याने व्यवसायात पुढील वर्षाचा अंदाज बांधला आहे, त्याला हे वेगळे सांगावयास नको.

मुंबईतील सभागृह आणि १०० रुपयांतील सव्वादोन रुपये

स्वातंत्र्यानंतर सरकारचा व्याप वाढला, तसा कराचा भारही वाढला. १९५६ मध्ये मुंबईत ए. डी. श्रॉफ यांनी ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही संस्था स्थापन केली. श्रॉफ हे सरकारचे आंधळे विरोधक नव्हते. १९४४ च्या ज्या ‘बॉम्बे प्लॅन’मध्ये उद्योगपतींनी नियोजनाला आणि सरकारी भांडवली गुंतवणुकीला मोठे स्थान दिले होते, त्याचे ते एक सहकर्ते होते. परंतु परवाने, नियंत्रणे आणि चढे कर यांच्या जोरावर सरकारने सर्व अर्थव्यवहार आपल्या हाती घ्यावा, हे त्यांना मान्य नव्हते. कोणत्याही राजकीय पक्षाशी न बांधता व्याख्याने आणि लहान पुस्तिका यांच्या साहाय्याने लोकमत घडवावे, ही संस्थेची रीत होती.

या व्यासपीठाला घरोघरी पोहोचविले ते नानी पालखीवाला यांनी. आयकर कायद्यावरील त्यांचा जमशेदजी कांगा यांच्यासह लिहिलेला ग्रंथ १९५० पासून वकील आणि कर सल्लागार वापरीत आले आहेत. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या ग्रीन हॉटेलातील छोट्या सभागृहात केंद्रीय अर्थसंकल्पावर व्याख्यान दिले. पुढे गर्दी इतकी वाढली की हे व्याख्यान ब्रेबर्न स्टेडियमच्या मैदानावर भरू लागले. हाती कागद न घेता आकडे, कलमे आणि दाखले ते मांडत. ही प्रथा १९९४ पर्यंत चालली. ज्या विषयाला लोक रूक्ष म्हणून टाळतात, तो ऐकण्यासाठी व्यापारी, नोकरदार, विद्यार्थी आणि गृहिणी मैदानात बसत, ही घटना जगातही दुर्मीळ मानावी लागेल.

त्या काळातील दर पाहिले म्हणजे या गर्दीचे कारण उमगते. १९७३-७४ मध्ये व्यक्तिगत आयकराचा सर्वोच्च दर ८५ टक्के आणि त्यावर १५ टक्के अधिभार, असा एकूण ९७.७५ टक्के होता. २ लाख रुपयांच्या पुढे मिळविलेल्या प्रत्येक १०० रुपयांपैकी सव्वादोन रुपये हाती राहत. त्यावर संपत्ती कर वेगळा. दोन्ही मिळून काही वेळा कर उत्पन्नाहून अधिक होई. वांच्छू समितीने १९७१ च्या अहवालातच दर कमी करावा अशी शिफारस केली होती, कारण चढा दर हेच काळ्या पैशाचे एक मोठे कारण आहे, असे तिचे मत होते. दर पुढे टप्प्याटप्प्याने उतरले : १९७४-७५ मध्ये ७७ टक्के, १९८५ मध्ये ५० टक्के आणि १९९७ मध्ये ३० टक्के. याचे श्रेय एकट्या फोरमला देता येणार नाही. समित्या, अर्थमंत्री आणि देशाची बदललेली परिस्थिती यांचाही त्यात वाटा आहे. परंतु चढे दर म्हणजेच न्याय, हा समज खोडून काढण्याचे काम ४० वर्षे चिकाटीने कोणीतरी केले होते.

१९५३ पासून लागू असलेला मृत्यूनंतरच्या संपत्तीवरील कर, म्हणजेच इस्टेट ड्यूटी, १९८५ मध्ये रद्द झाला. जैन वाचकांना येथे गुजरातचा राजा कुमारपाल आठवेल. बाराव्या शतकात त्याने निपुत्रिक मृताची संपत्ती राजकोषात जमा करण्याची प्रथा बंद केली. त्यापासून राज्याला मोठे उत्पन्न होते, तरी शोकात बुडालेल्या विधवेच्या घरातून ते घ्यावयाचे नाही, असे त्याने ठरविले. राज्यसत्तेने स्वतःवर मर्यादा घालून घेणे म्हणजे काय, याचा हा दाखला आचार्य हेमचंद्रांच्या काळातील आहे.

एलबीटी गेला, भार कोठे गेला?

अलीकडचा आणि व्यापारी कुटुंबांनी प्रत्यक्ष भोगलेला लढा म्हणजे स्थानिक संस्था कराचा. जकातीऐवजी आलेला हा एलबीटी २०१० पासून काही महानगरपालिकांत आणि १ एप्रिल २०१३ पासून पुणे, ठाणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत लागू झाला. नाक्यावरची रांग गेली. परंतु त्या जागी आणखी एक नोंदणी, आणखी एक विवरणपत्र आणि पालिकेच्या अधिकाऱ्यांचा दुकानातील हिशेब तपासण्याचा अधिकार आला. मूल्यवर्धित कराचे दप्तर आधीच चालू असताना त्याच मालाचे दुसरे दप्तर कशासाठी, असा व्यापाऱ्यांचा सवाल होता. एप्रिल-मे २०१३ मध्ये राज्यभर बाजारपेठा बंद राहिल्या. ‘फाम’, म्हणजेच फेडरेशन ऑफ असोसिएशन्स ऑफ महाराष्ट्र, ही संघटना या आंदोलनात आघाडीवर होती. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी रद्द झाला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली.

व्यापाऱ्यांचा विजय झाला, यात शंका नाही. परंतु जमाखर्च पूर्ण मांडावयाचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. महानगरपालिकांचा खर्च एका रुपयानेही कमी झाला नव्हता. त्यांचे बुडालेले उत्पन्न राज्य सरकारने भरून द्यावयाचे ठरले आणि २०१७ च्या कायद्याने ही भरपाई दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढत जाईल, अशी तरतूद झाली. म्हणजे शहरातील व्यापाऱ्याच्या वहीतून एक नोंद गेली आणि ती राज्याच्या तिजोरीत उमटली. त्या तिजोरीत बुरोंडीच्या दुकानदाराचाही पैसा असतो. त्याच्या गावाला ना महानगरपालिका, ना एलबीटीचा जाच. शिवाय महानगरपालिकेला पैसा आपल्या नागरिकांकडून थेट मिळण्याऐवजी मंत्रालयाकडून मिळू लागला, आणि देणारा व खर्च करणारा यांच्यातील अंतर वाढले.

यातून एक नियम निघतो. खर्च तसाच ठेवून केलेली करकपात म्हणजे बहुधा कराचे स्थलांतर होय. मर्यादित शासन हवे असेल, तर करदात्यांच्या संघटनेने दरपत्रकाइतकेच लक्ष खर्चपत्रकाकडे दिले पाहिजे. कोणता खर्च नको, हे सांगण्याचे धैर्य तिच्यात असले पाहिजे, आणि तो खर्च स्वतःच्या सोयीचा असला तरीही.

सर्वच खर्च नको, असेही नव्हे. महाराष्ट्रातील व्यवसाय कर १९७५ मध्ये आला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा राहावा म्हणून. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडून घर चालविले, त्यांच्या कामाची ही व्यवस्था होती. होडीच्या डिझेलवरील राज्याच्या कराचा परतावा मच्छिमार सहकारी संस्थांमार्फत दिला जातो, तीही एका संघटित करदात्या वर्गाची मागणीच होती. अशा वेळी दुकानदाराने केवळ आपल्या दराचा विचार केला, तर गाव त्याच्या बाजूने उभे राहणार नाही.

अचौर्य व्रत आणि भरलेली पावती

संशयाचा जो मुद्दा आरंभी आला, त्याचे उत्तर जैन परंपरेत स्पष्ट आहे. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, खोटी मापे वापरणे आणि भेसळ करणे यांच्या पंक्तीतच ‘विरुद्धराज्यातिक्रम’ बसविला आहे, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून लाभ उठविणे. कर चुकविणे आणि माप मारणे यांना परंपरेने एकाच यादीत ठेवले, ही गोष्ट विसरता येत नाही.

व्यवहारातही हेच खरे ठरते. बिलाशिवाय माल विकणारा एक दुकानदार शेजारच्या प्रामाणिक दुकानदाराचे गिऱ्हाईक पळवितो. पुढे तपासणी कडक होते, तेव्हा तिचा जाच दोघांनाही सारखाच होतो. कर जाचक आहे, असे म्हणण्याचा अधिकार ज्याने तो भरला आहे त्याला सर्वाधिक असतो. पालखीवालांच्या शब्दाला वजन होते, त्याचे एक कारण हेही होते की कायदा पाळूनच कायदा बदलण्याचा त्यांचा आग्रह असे.

बुरोंडीपुरते काय करता येईल?

दिल्लीच्या अर्थसंकल्पावर गावातील दुकानदाराचा प्रभाव अत्यल्प. परंतु तीन सरकारांपैकी एक त्याच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. जमाखर्चाचे वार्षिक विवरण आणि मागील लेखापरीक्षणातील शेरे ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरेशी आहे. तेवढेही लोक न आल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग जे थोडे उपस्थित असतात, त्यांच्या साक्षीने सर्वांच्या पैशाचा ठराव होतो.

घरपट्टीची आकारणी डिसेंबर २०१५ पासून इमारतीच्या भांडवली मूल्यावर होते. इमारतीचे क्षेत्र, प्रकार, वय आणि वापर यांवरून आकडा निघतो. दुकानाचा व निवासाचा भाग वेगळा धरला आहे किंवा नाही, जुन्या इमारतीची घसारा-वजावट दिली आहे किंवा नाही, हे नमुना ८ च्या उताऱ्यावर तपासता येते. चूक आढळल्यास हरकत घेता येते आणि पुढे पंचायत समितीकडे अपील करता येते.

खर्चाची बाजूही पाहण्याजोगी आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीपैकी ६० टक्के पाणी व स्वच्छता यांसाठी बांधील होते. तो पैसा नेमका त्यावरच खर्च झाला का, हा साधा प्रश्न विचारण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. वर्षभराची घरपट्टीची मागणी किती, वसुली किती, थकबाकीदार किती आणि दिवाबत्ती कर घेतलेल्या गल्लीत दिवे लागतात का, एवढे चार प्रश्न लेखी देऊन ठेवावेत. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. पुढील ग्रामसभेत त्याच नोंदीपासून सुरुवात करावी. व्यापारी कुटुंबातील मुलगे-सुना वाणिज्य शाखेचे पदवीधर असतात. ताळेबंद वाचण्याचे त्यांचे कौशल्य गावाच्या उपयोगी पडेल, आणि मागणी करणारा हा वर्ग केवळ स्वतःसाठी बोलत नाही, हेही गावाला दिसेल.

या कायद्यातच एक लक्षात घेण्याजोगी तरतूद आहे. ग्रामपंचायतीच्या कराची मागणी झाल्यावर तीन महिन्यांत जो तो भरत नाही, त्याला पंचायतीचा सदस्य राहता येत नाही. लोकांचा पैसा कसा खर्च व्हावा हे ठरविणाऱ्याने आधी स्वतःचा वाटा भरलेला असावा, असा तिचा अर्थ आहे. प्रश्न विचारण्याऱ्यानेही हीच कसोटी स्वतःला लावावी. चालू वर्षाची घरपट्टी भरावी, पावती घ्यावी आणि पुढच्या ग्रामसभेची नोटीस फलकावर लागेल त्या दिवशी दुकान तासभर बंद ठेवण्याची तयारी करावी. २०१३ मध्ये बाजारपेठा अनेक दिवस बंद राहिल्या होत्या. येथे वर्षातील चार दिवस, प्रत्येकी एखादा तास द्यावयाचा आहे.